तेराव्यानंतरची अत्या

साहित्य महोत्सवाला आठ दिवस उरले असताना आयोजक स्वतः आमच्या घरी आले. तमिळचे निवृत्त प्राध्यापक, मऊ बोलणारा माणूस. माझ्या नवऱ्याने कॉफी आणून दिली. ती त्यांनी पार निवेपर्यंत नुसती हातात धरून ठेवली, तेव्हाच मला कळलं की हे काहीतरी मागायला आलेत.

"टीचर," ते म्हणाले, "तुमचं सत्र उत्तम होणार. तीन लेखक, तीन चरित्रं, प्रत्येकाला वीस मिनिटं. फक्त एक विनंती आहे. तुमच्या अत्यांनी गावोगावी जाऊन बाळंतपणं केली, कालव्याच्या बांधावरून सायकल चालवली, ते सगळं सांगा. लोकांना आवडेल. घरचा भाग तेवढा नको."

"घरचा म्हणजे कुठला?"

"तो... तेराव्याचा."

मग खरं कारण बाहेर आलं. महोत्सव ज्या मंडपात, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, भरतो तो आमच्या मराठी मंडळींच्या समाजाचा. समाजाचे अध्यक्ष माझे चुलतभाऊ, थोरल्या काकांचे चिरंजीव. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. माझं पुस्तक त्यांनी वाचलं होतं, आणि आदल्या दिवशी आयोजकांना बोलावून सांगितलं होतं की त्या बाईने आमच्या आजोबांबद्दल माइकवर एक शब्द जरी काढला तरी पुढच्या वर्षी मंडप मिळणार नाही.

"तुम्ही असं म्हणू शकता," आयोजक हळूच म्हणाले, "की त्यांना लहान वयात वैधव्य आलं आणि त्यांनी स्वतःला सेवेला वाहून घेतलं. तेवढ्याने काय बिघडतं?"

"त्यांचा नवरा त्या तेराव्यानंतरही कित्येक वर्षं जिवंत होता, सर. दुसरं लग्न करून, मुलंबाळं होऊन."

त्यांनी थंड कॉफी एका घोटात संपवली. जाताना दारात थांबून म्हणाले, "मी निरोप सांगितला. पुढे तुमची मर्जी." त्या माणसाचा मला राग आला नाही. त्यांना तीन दिवसांचा महोत्सव उभा करायचा होता. मला एकच बाई उभी करायची होती.

तेराव्याचा भाग काय, ते आता सांगते.

माझ्या अप्पांना एक मोठी बहीण होती. मी तिला पाहिलंच नव्हतं. ती सासरी तापाने गेली, एकोणीस वर्षांची असताना, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आमच्या घरात तिचा फोटो नव्हता. वर्षातून एकदा अप्पा तिच्या नावाने तर्पण करायचे, आणि त्या दिवशी आई वांग्याची भाजी करायची नाही, कारण म्हणे तिला वांगं आवडायचं. एवढीच माझी अत्या.

सव्विसाव्या वर्षी मला पापनाशमच्या सरकारी मुलींच्या शाळेत गणिताची नोकरी लागली. सकाळच्या बसने जायचं, संध्याकाळच्या बसने यायचं. एक दिवस मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी पायरीवरून घसरून पडली. मी धावले. तिचा पाय धरताना माझ्या तोंडून घरची भाषा निघाली, "अगं अगं, हळू, हळू हळू." मुलीची आई योगायोगाने शाळेतच आलेली होती. लेक बरी आहे हे पाहिल्यावर ती माझ्याकडे वळून विचारू लागली, "टीचर, तुम्हाला हे 'हळू हळू' कसं येतं?"

मी म्हटलं, ही आमची भाषा आहे.

"भाषा?" ती हसलीच. "हा तर आमच्या नर्सम्मांचा मंत्र. कळा सुरू झाल्या की त्या हेच म्हणतात. आता आमच्या गावात सगळ्याच बायका म्हणतात. माझ्या सासूने माझ्या वेळी म्हटलं, मी माझ्या नणंदेच्या वेळी म्हटलं. त्याला काही अर्थ आहे होय?"

मी तिला अर्थ सांगितला. आणि नर्सम्मांचं नाव विचारलं. तिने जे नाव सांगितलं ते मी दर वर्षी तर्पणाच्या वेळी ऐकत आले होते.

नावं सारखी असतात, अशी मी मनाची समजूत घातली. तरी शनिवारी गेले. पापनाशमपासून आत कालव्याच्या काठाकाठाने एक लहानशी बस जाते, ती जिथे वळते तिथे उतरले. नारळाच्या बागेला लागून दोन खोल्यांचं कौलारू घर, दारात काळी सायकल. आतून पांढऱ्या साडीतली पन्नाशीची बाई बाहेर आली, पान चघळत. माझ्या अप्पांचं नाक, अप्पांचं कपाळ. मी कोण ते सांगायची वेळच आली नाही. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आमच्या मराठीत विचारलं, "कोण्टे होतीस गं इतके दिवस?" आमच्याकडे 'कुठे'ला कोण्टे म्हणतात. तीस-बत्तीस वर्षं तिच्याशी त्या भाषेत बोलायला कुणी नव्हतं, आणि शब्द तसाच ताजा होता.

मी रडायला लागले. ती रडली नाही. आत जाऊन तिने पिठलं टाकलं.

तिची हकिकत तिने मला एका दिवसात सांगितली नाही. कित्येक शनिवार लागले. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा कचेरीत जाताना तिला मागच्या खोलीत घालून बाहेरून कुलूप लावून जायचा. का, तर एकदा ती दारात उभी राहून पोस्टमनकडून वर्तमानपत्र घेऊन वाचताना सासूला दिसली. दोनदा ती पळून माहेरी आली. दोन्ही वेळा आजोबांनी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने तिला परत नेऊन सोडलं. तिसऱ्या वेळी ती माहेरी आलीच नाही. मिशनच्या एका इस्पितळात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, काम द्या नाहीतर शिकवा. त्यांनी दोन्ही दिलं. तिथून तिने घरी एक पोस्टकार्ड टाकलं.

त्या पोस्टकार्डाचं उत्तर म्हणून आजोबांनी घरात सांगितलं की ती तापाने गेली. सासरच्यांनीही मान डोलावली, त्यांना मुलाचं दुसरं लग्न करायचं होतं. दहावं, बारावं, तेरावं, सगळं रीतसर झालं. जेवणावळ झाली. अप्पा तेव्हा सोळा वर्षांचे होते.

"तुला कधी कळलं?" मी अत्याला विचारलं.

"महिन्याभरात. आमच्या गल्लीतली एक बाई इस्पितळात आली होती. मला बघून बेशुद्धच पडायची राहिली." अत्या हसली. "तुझे अप्पा अजून तर्पण करतात?"

"दर वर्षी."

"म्हणूनच मला कधी तहान लागली नाही," ती म्हणाली आणि पानाला चुना लावू लागली.

मी तिला हट्टाने म्हटलं, चल घरी. ती म्हणाली, "मी दोनदा चालत गेले होते त्या घरी. आता त्यांनी यावं." त्यात राग नव्हता. ती सरळ मोजणी होती, आणि गणिताच्या बाईला ती पटली.

इथे माझी गोष्ट मला हवी तितकी स्वच्छ नाही. मी अप्पांना विचारलं, हे खरं. ते वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाले, "बाबांनी सांगितलं तसं मी केलं. तुझ्या दोन बहिणींची लग्नं व्हायची आहेत." आणि मी गप्प बसले. बहिणींची लग्नं झाली, माझं झालं, तरी गप्पच. शनिवारी स्पेशल क्लास आहे असं सांगून मी पापनाशमला जात राहिले. माझी तंजावूरला बदली झाली त्यानंतरही जात राहिले. आजोबांनी तिला एकदा मारलं. मी तिला दर शनिवारी सकाळी घरातून निघताना मारत होते. फक्त नवऱ्याला मी लग्नाआधीच सांगितलं होतं. आणि आई. आईला मी कधीच काही सांगितलं नाही, पण एका शनिवारी तिने माझ्या पिशवीत डबा ठेवला आणि पाठ वळवून म्हणाली, "दोघींना पुरेल." डब्यात वांग्याची भाजी होती.

अत्या काही देवी नव्हती. चिडकी होती. बायकोच्या कळा सुरू असताना दारात विडी ओढत बसलेल्या नवऱ्यांना ती अशा शिव्या द्यायची की त्या मी पुस्तकात लिहू शकले नाही. पल्लांगुळी खेळताना, म्हणजे त्या चौदा खळग्यांच्या पाटावर चिंचोके वाटत जायचं, ती सरळ लबाडी करायची, आणि पकडलं की म्हणायची, "म्हातारीचा हात घसरला." दोन बाळं तिच्या हातून वाचली नव्हती. त्या दोन्ही घरांची नावं, तो वार, तेव्हा कालव्याला पाणी होतं की नव्हतं, हे तिला शेवटपर्यंत आठवत होतं. वाचलेल्यांचा हिशोब तिने कधी ठेवला नाही.

"मी तुझ्यावर लिहू का?" मी एकदा विचारलं.

"लिही. पण मला हार घालू नकोस. आणि ताप लिहू नकोस. मला आयुष्यात कधी मोठा ताप आला नाही."

ती गेली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. सकाळी गावातून फोन आला. मी तडक अप्पांकडे गेले. ते पंच्याहत्तरीला आलेले, ओसरीवर बसलेले. मी सांगितलं, अत्या गेली, आत्ता, पहाटे. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "कोण्टे?"

मी गावाचं नाव सांगितलं. गाडी बोलावते, चला, म्हटलं.

"तिचं एकदा झालंय," ते म्हणाले.

मी एकटी गेले. गावातल्या माणसांनी सगळं केलं. खांदा द्यायला इतके लोक पुढे आले की वाटेत चार वेळा बदलावे लागले. परत येताना बसमध्ये मी ठरवलं की हे लिहायचं. पण लिहायला घेतलं ते अप्पा गेल्यावरच, दीड वर्षाने. तेही माझंच भित्रेपण.

अप्पांची पेटी मी आवरली. धोतरांच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या कागदाखाली, एक पिवळं पोस्टकार्ड होतं. देवनागरीत लिहिलेलं. आमच्या पिढीत देवनागरी कुणालाच येत नाही. घरात मराठी बोलतो, वाचतो-लिहितो तमिळ आणि इंग्रजी. राजवाड्याच्या आवारातल्या ग्रंथालयात वाचून देणारी माणसं आहेत, पण ते पोस्टकार्ड माझ्या आधी दुसऱ्या कुणी वाचावं हे मला नको होतं. मी बालभारती मागवली. पंचावन्नाव्या वर्षी जेवणाच्या टेबलावर बसून क, ख, ग गिरवले. नवरा शेजारी बसून शब्दकोडं सोडवायचा आणि अधूनमधून विचारायचा, "कुठवर आलात बाई?" अडीच महिन्यांनी मी ते पोस्टकार्ड वाचलं. पाच ओळी होत्या. त्या पाच ओळींनी पुस्तकाची सुरुवात झाली.

पुस्तक मी तमिळमध्ये लिहिलं, कारण ती ज्यांच्यात जगली ते तमिळ वाचतात.

महोत्सवाचा दिवस उजाडला. मंडपाबाहेर झावळ्यांच्या मांडवात पुस्तकांची दुकानं, एका कोपऱ्यात आप्प्यांसारखं पणियारम आणि सुंठेची सुक्कू कॉफी. मी माझी नेहमीची निळी सुती सुंगुडी साडी नेसले होते. मंचामागच्या खोलीत पहिले लेखक आधीच बसले होते. इतिहासाचे निवृत्त अध्यापक, मराठा काळातल्या एका दिवाणाचं चरित्र लिहिलेले. दुसरे, तविल नावाचा ढोल वाजवणाऱ्या आपल्या गुरूवर लिहिणारे गृहस्थ, फार अबोल. इतिहासाचे सर माझं पुस्तक हातात घेऊन म्हणाले, "छान आहे. मनाला भिडतं. पण चरित्र म्हणायचं तर कागदपत्रं लागतात, टीचर. तुमच्याकडे आठवणी आहेत."

"माझ्याकडे एक पोस्टकार्ड आहे," मी म्हटलं.

ते हसले. मी पण हसले.

मंडप निम्म्याहून जास्त भरला होता. पहिल्या दोन रांगांत आमचीच मंडळी. मधोमध अण्णा, शेजारी वहिनी. मी नमस्कार केला. वहिनींनी मान हलवली, अण्णांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

दिवाणाची वीस मिनिटं तीस झाली. कुणी काही म्हटलं नाही. तविलवाल्यांनी पंधरातच आटोपलं. मग मी उठले. मी घड्याळ काढून समोर ठेवलं, वर्गात ठेवायचे तसं. पहिली पाच मिनिटं सायकल, कालवा, 'हळू हळू', सगळे हसत होते, पहिल्या रांगाही. मग मी म्हटलं, "आता ही बाई मेली कशी ते सांगते. पहिल्यांदा."

आजोबांनी तेरावं केलं, एवढं मी सांगून संपवते न संपवते तोच बाजूने सूत्रसंचालकांनी माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली. बत्तीस वर्षं मी मुलींच्या बाकाखालच्या चिठ्ठ्या पकडल्या आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवल्या. हात आपोआप तेच करून गेला.

"मला चिठ्ठी आली आहे," मी माइकवर म्हटलं. "'कृपया समारोप करा.' माझ्या घड्याळात आठ मिनिटं झाली आहेत. विसातून आठ गेले की बारा राहतात. मी गणित शिकवायचे."

लोक हसले. सूत्रसंचालक खाली बघू लागले. आणि अण्णा उभे राहिले.

ते मराठीत बोलले. मंडपातल्या चारातल्या तिघांना मराठी कळत नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच ते मराठीत बोलले. "घरचं घरात ठेवायचं असतं. चार लोकांत आणून मांडायला लाज वाटत नाही तुला? बस झालं. खाली ये."

सगळा मंडप माझ्याकडे बघत होता.  लहानपणापासून या आवाजाने मी खाली बसत आले होते. अण्णांचा आवाज थेट आजोबांचा आहे असं सगळे म्हणतात.

मी माइक हातात घेतला आणि तमिळमध्ये म्हटलं, "हे माझे मोठे भाऊ. त्यांनी काय विचारलं ते तुम्हाला कळलं नसेल. मी सांगते." आणि शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितला. "लाज वाटत नाही का," हे सुद्धा.

त्यांचा चेहरा लाल झाला. आपलं बोलणं असं बाहेर येईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते पुन्हा मराठीतच ओरडले, "तुझे अप्पा होते तोवर तोंड उघडलं नाहीस! ते गेले आणि मग पुस्तक काढलंस. आता मोठी शूर झालीस!"

मी तेही तमिळमध्ये सांगितलं. मग म्हटलं, "हे अण्णांचं खरं आहे. मी भित्री होते. अत्या जिवंत असताना हे पुस्तक यायला हवं होतं. माझ्या अप्पांनी ते हातात धरायला हवं होतं. मी तेवढी वर्षं गप्प बसले याची मला लाज वाटते. बोलले याची वाटत नाही."

"आजोबांना खोटं ठरवतेस!"

"मी नाही ठरवत, अण्णा," मी या वेळी मराठीत त्यांनाच म्हटलं. मग पिशवीतून पोस्टकार्ड काढलं, चष्मा लावला आणि वाचलं, जसं आहे तसं, आमच्या जुन्या मराठीत. मी सुखरूप आहे. इस्पितळात शिकत्ये आहे. खाली पत्ता दिला आहे. मला परत तिकडे पाठवणार नसाल तर भेटायला येईन. धाकट्याला सांगा, अक्का बरी आहे. मग तेच तमिळमध्ये वाचलं. टपालाचा शिक्का तेराव्याच्या आधीचा होता, तोही वर धरून दाखवला.

मागे कुठेतरी एक बाई "अय्यो" म्हणाली. 

अण्णा निघाले. त्यांच्यामागे दहा-बाराजण उठले, खुर्च्या खरडत. एक मावशी जाताना माझ्याकडे पाहून हळहळल्यासारखं काहीतरी पुटपुटली. वहिनी उठल्या नाहीत. अण्णा रांगेच्या टोकाशी थांबून त्यांच्याकडे बघत होते. वहिनींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, दोन घोट घेतले, झाकण लावलं. अण्णा एकटेच बाहेर गेले.

माझी नऊ मिनिटं शिल्लक होती. मी ती सगळी वापरली. ती दोन बाळं, त्यांचे वार, कालव्याचं पाणी, पल्लांगुळीतली लबाडी, सगळं सांगितलं. विसाव्या मिनिटाला थांबले.

प्रश्नोत्तरांत एका गृहस्थांनी विचारलं, पण या बाईंनी इतिहासाला काय दिलं? मला त्यावर बाणेदार उत्तर सुचायला हवं होतं.  मी म्हटलं, "माहीत नाही. तुम्ही पापनाशमकडचे असाल तर कदाचित तुम्हीच." ते कुंभकोणमचे निघाले. त्यावर थोडं हसू झालं आणि सत्र संपलं. बाहेर पडताना इतिहासाच्या सरांनी पोस्टकार्ड बघायला मागितलं. उन्हात नेऊन, शिक्का डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिलं आणि परत देताना म्हणाले, "प्लास्टिकमध्ये ठेवू नका. शाई चिकटते. पातळ सुती कापडात ठेवा." माफी म्हणून मी तेवढंच घेतलं, आणि कापडातच ठेवलं आहे.

पुढचं जे व्हायचं ते झालं. समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मला काढलं. अण्णांच्या नातवाच्या मुंजीची पत्रिका आली नाही. आमच्या कुळाची वंशावळ समाजाने छापली आहे, तिच्यात अत्याच्या नावापुढे 'अल्पायुषी' असं आहे. ते दुरुस्त करा म्हणून मी रीतसर पत्र दिलं. उत्तर नाही. तीन महिन्यांनी दुसरं पत्र दिलं, आता तिसरं टाइप करते आहे. मुलगी बंगळूरहून फोनवर म्हणते, "अम्मा, विट्टुडु," सोडून दे. ती मराठी सगळी समजते, बोलत नाही. मी तिला मराठीत सांगते की सोडणार नाही, आणि ती तमिळमध्ये हसते.

एका दुपारी वहिनींचा फोन आला. दुपारी अण्णा झोपतात. त्यांनी तब्येत विचारली, गॅस सिलिंडर वेळेवर येतो का विचारलं, मग म्हणाल्या, "तुझं पुस्तक एक पाठव मला. कुरियरवर माझं नाव घाल. त्यांचं नको."

मी त्यांचं नाव पूर्ण लिहिलं. लग्नानंतर बदललेलंही आणि कंसात माहेरचंही. कंसातल्यावर त्या फोन करून म्हणाल्या, "हे कशाला गं?" पण रागाने नाही.

आता हे मराठीत लिहिते आहे. आमच्यातलं कुणी वाचणार नाही, असं मला चारजणांनी सांगितलं. अक्षरच येत नाही कुणाला. खरं आहे. पण तमिळ पुस्तकात अत्या जे बोलते ते मी भाषांतर केलेलं आहे. ती माझ्याशी मराठीतच भांडायची, मराठीतच फसवायची. तिचं बोलणं तिच्या भाषेत कुठेतरी असायला हवं, मग वाचायला कुणी असो नसो. माझं अक्षर अजून दुसरीतल्या पोरीसारखं आहे. जोडाक्षरांत चुकते. चुकू दे.

गेल्या आठवड्यात आयोजकांचं पत्र आलं. महोत्सव यंदाही आहे, दुसऱ्या मंडपात. अण्णांनी शब्द खरा केला. मला पुन्हा बोलवायचं आयोजकांच्या मनात आहे. खाली एक ओळ: वक्त्यांनी आपलं भाषण आधी लेखी पाठवावं, समिती ते पाहील.

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. यायला आनंद वाटेल. लेखी काही पाठवणार नाही. वीस मिनिटं मिळाली तर वीस मिनिटं बोलेन, आणि कुणाबद्दल ते तिथेच कळेल.

काल आयोजकांचा फोन आला. म्हणाले, समिती दोन तास भांडली. म्हणाले, मला सकाळी साडेनऊची वेळ दिली आहे, तेव्हा गर्दी कमी असते.

"चालेल, सर," मी म्हटलं. "माइक तेवढा आधी तपासून ठेवा."